यादीतले शब्द, उताऱ्यातले शब्द

सिडनीच्या पश्चिमेला वेंटवर्थव्हिल, पेंडल हिल, गिरावीन या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांत मूल तिसरी-चौथीत गेलं की ‘ओसी’ आणि ‘सिलेक्टिव्ह’ यांची चर्चा सुरू होते. ओसी म्हणजे ऑपॉर्च्युनिटी क्लास. पाचवी-सहावीच्या या निवडक वर्गासाठी चौथीत परीक्षा असते. सिलेक्टिव्ह म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्यातली ती सरकारी हायस्कूलं, जिथे सातवीचा प्रवेश परीक्षेवरच मिळतो. जेम्स रूस, बॉकम हिल्स, गिरावीन, नॉर्थ सिडनी बॉइज ही नावं आपल्या लोकांना पाठ आहेत. जागा साधारण ४,२०० आणि अर्ज १५,००० च्या वर, म्हणजे चुरस मोठी. गणिताची काळजी आपल्या पालकांना फारशी नसते, ते स्वतः घरी घेऊ शकतात. धास्ती असते ती इंग्रजीची, आणि त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे शब्दांची यादी. पाचशे शब्द, हजार शब्द, समोर अर्थ, रोज दहा पाठ, रविवारी चाचणी. या परीक्षेसाठी मुलांचं इंग्रजी घेण्याच्या कामातून माझं मत उलट बनलं आहे. यादीवर जाणारे बहुतेक तास वाया जातात. तोच वेळ सलग मजकूर वाचण्याला आणि वाचलेल्यावर घरी बोलण्याला दिला, तर शब्दही जास्त येतात आणि गुणही. आणि ते बोलणं मराठीत झालं तरी चालतं. चालतं एवढंच नाही, बऱ्याच घरांत मराठीतच झालेलं बरं. हे शेवटचं विधान पालकांना सगळ्यांत कमी पटतं, म्हणून ते पुराव्यासकट मांडायला हवं.

आधी परीक्षा काय विचारते ते पाहू. यादीची सवय आपल्याकडे कुठून आली हे शोधायला लांब जावं लागत नाही. इथले मराठी पालक महाराष्ट्रात स्कॉलरशिपची परीक्षा देऊन आलेले आहेत. समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, वाक्प्रचार यांचे रकाने त्यांनी पाठ केले, आणि त्यांना त्याचे गुण मिळाले. पुढे काहींनी जीआरईसाठी इंग्रजी शब्दांचे जाडजूड संच पाठ केले. ती तयारी त्या काळच्या प्रश्नपत्रिकेला धरून होती, म्हणून चुकीची नव्हती. पण प्रश्नपत्रिकाच बदलल्या. अमेरिकेतल्या एसएटीने विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न १९९४ मध्ये काढले आणि शब्दांच्या जोड्यांमधलं साम्य ओळखण्याचे प्रश्न २००५ मध्ये. जीआरईने हे दोन्ही प्रकार २०११ मध्ये बंद केले. सिलेक्टिव्हच्या परीक्षेतही तेच झालं. पूर्वी तिच्यात ‘जनरल अ‍ॅबिलिटी’ नावाचा भाग असे. त्यात शब्दांचे नातेसंबंध, वेगळा शब्द ओळखा असे प्रश्न येत आणि पाठ केलेली यादी कामाला येई. २०२१ पासून तो भाग गेला, त्याच्या जागी ‘थिंकिंग स्किल्स’ आलं. आता वाचन, गणिती विचार, थिंकिंग स्किल्स आणि लेखन या चारही भागांना सारखं वजन आहे. वाचनाच्या भागात कथेतला उतारा असतो, कविता असते, माहितीपर लेख असतो. एका मजकुरातून काही वाक्यं काढून घेतलेली असतात आणि कोणतं वाक्य कुठे बसतं ते ठरवायचं असतं. एकाच विषयावरचे चार छोटे उतारे दिलेले असतात आणि कोणत्या लेखकाचा सूर कोणता हे ओळखायचं असतं. अमुक शब्दाचा अर्थ काय, असा नुसता प्रश्न त्यात फारच थोडा. तरीही जुन्या परीक्षेसाठी केलेल्या याद्या नव्या मुखपृष्ठासह घरोघर फिरत आहेत.

यादीच्या बाजूने पहिला युक्तिवाद असा होतो की प्रश्न कसेही असोत, शब्दच माहीत नसतील तर उतारा समजणार कसा? हा आक्षेप खरा आहे. परक्या भाषेतला मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं या विषयावर काम करणारे भाषातज्ज्ञ मानतात. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. तेव्हा शब्द लागतात यात शंका नाही. वाद आहे तो शब्द येतात कुठून याबद्दल. विल्यम नॅगी आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या तिसरी ते नववीच्या छापील वाचनसाहित्याचा अंदाज घेतला, तेव्हा त्यात ८८,५०० च्या आसपास वेगवेगळी शब्दकुळं निघाली. एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ धरलं आहे. यापुढे हजार शब्दांची यादी ठेवून पाहा. परीक्षेत येणारा अवघड शब्द नेमका तिच्यात असण्याची शक्यता किती? वर्षभर रोज दहा शब्द केले आणि एकही विसरला नाही, तरी साडेतीन हजार होतात. आणि विसरत नाही असं होत नाही. सोमवारचे दहा शब्द पुढच्या सोमवारी पुसट झालेले असतात, कारण ते कुठल्याही गोष्टीला, माणसाला, प्रसंगाला जोडलेलेच नसतात.

आता वाचनाचा हिशेब बघा. याच संशोधकांनी दाखवलं की संदर्भातून एकदा भेटलेला अनोळखी शब्द मुलाच्या लक्षात राहण्याची शक्यता फार कमी असते, वीस शब्दांत एखादा. हे वाचून पुष्कळ जण म्हणतील, मग यादीच बरी. पण वाचनाचा जोर त्याच्या विस्तारात आहे. मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगाने रोज पंचवीस मिनिटं, वर्षातले दोनशे दिवस वाचलं, तर दहा लाख शब्द डोळ्यांखालून जातात. त्यातले शंभरात दोन अनोळखी धरले तर वीस हजार भेटी होतात, आणि विसांत एक टिकला तरी हजार नवे शब्द. यादीइतकेच आले की, असं वाटेल. पण हे हजार शब्द वाक्यात वावरलेले असतात. कुणासाठी वापरतात, रागाने की मायेने, पुढे-मागे कोणते शब्द येतात हे सगळं घेऊन ते आलेले असतात. शिवाय त्याच पंचवीस मिनिटांत मूल वाक्यरचना, कथेची वळणं, युक्तिवादाची मांडणी शिकतं, आणि परीक्षा मुख्यतः तेच विचारते.

शब्द ओळखीचे असूनही उतारा कळत नाही, हे या कामात वारंवार दिसतं, आणि पालकांना त्याचंच सगळ्यांत मोठं कोडं पडतं. याचा खुलासा करणारा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन या तिघांनी तो १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली, एक भारतीय लग्नाबद्दलचं आणि एक अमेरिकन लग्नाबद्दलचं. दोन्ही इंग्रजीतच. ज्याने त्याने आपल्याकडच्या लग्नाचं पत्र लवकर वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. परक्या लग्नाच्या पत्राचा मात्र भलताच अर्थ लागला. अमेरिकन नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातला, हे तिथे कौतुकाचं आणि परंपरेचं. भारतीय वाचकाला वाटलं, बिचारीला जुना, फॅशन गेलेला पोशाख घालावा लागला. या चुकीत एकही शब्द अडलेला नाही. अडलं ते शब्दांमागचं जग. १९८८ मध्ये डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे निघाली. क्रिकेटचं वर्णन वाचताना आपल्या मुलांचं ‘इंग्रजी’ एकदम सुधारल्यासारखं का वाटतं, याचं उत्तर इथे आहे.

सिलेक्टिव्हचे उतारे ऑस्ट्रेलियातल्या जगाशी जोडलेले असू शकतात, त्याबाहेरचेही असू शकतात. त्यात दुष्काळात विकावी लागणारी गुरं असतील, मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या शेड्स, वणव्यानंतर पुन्हा फुटणारी निलगिरी, १८५१ नंतरची सोन्यासाठीची धावपळ, किनाऱ्यावरचे पेलिकन, जहाजावरचं आयुष्य, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एखादं गाव. ब्लॅकटाउनच्या युनिटमध्ये वाढलेल्या मुलाच्या घरी यातलं काही बोललं जात नाही, आणि त्यात घराचा दोष नाही. पण ‘ड्राउट’ म्हणजे अवर्षण एवढं पाठ असलेल्या मुलाला शेतकरी आभाळाकडे बघून गप्प का होतो हे कळेलच असं नाही. आणि इथे मराठी घराजवळ मोठा ठेवा आहे. मराठवाड्यातला, सोलापूरकडचा दुष्काळ आजी-आजोबांनी पाहिलेला असतो. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांबद्दल ते सांगू शकतात. ते ऐकलेलं मूल ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याचं मौन वाचताना अडत नाही. ज्ञान कोणत्या भाषेतून आत गेलं याला उतारा समजताना फारसं महत्त्व राहत नाही.

दुसरा आक्षेप इथूनच येतो, आणि तो सर्वांत भावनिक आहे. ‘परीक्षा इंग्रजीत आहे, घरात मराठी बोलून मुलाचं नुकसान होतं.’ याच भीतीने पुष्कळ घरांत मूल चौथीत गेलं की घरची भाषा इंग्रजी होते, आणि रविवारची मराठी शाळा कोचिंगसाठी सुटते. शब्दसंग्रहासाठी हा त्याग केला जातो, म्हणून शब्दसंग्रहाच्याच पुराव्याने त्याची तपासणी करू. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अ‍ॅरन्स यांनी १९८८ मध्ये निरनिराळ्या इंग्रजी मजकुरांत आणि बोलण्यात दर हजारी किती विरळ शब्द येतात ते मोजलं. मुलांच्या पुस्तकांत हजारी ३०.९ निघाले. संध्याकाळच्या मुख्य वेळेतल्या मोठ्यांच्या टीव्ही कार्यक्रमांत २२.७. आणि पदवीधर माणसांच्या आपसातल्या गप्पांत फक्त १७.३. ही माणसं इंग्रजीच बोलणारी होती, तरी त्यांच्या गप्पांपेक्षा लहान मुलांच्या पुस्तकात विरळ शब्द जास्त होते. मग कामाच्या ठिकाणी शिकलेल्या, ‘डेडलाइन’ आणि ‘फॉलो अप’मध्ये फिरणाऱ्या आपल्या इंग्रजीतून मुलाला परीक्षेपुरता शब्दसंग्रह मिळेल ही अपेक्षा कशाच्या आधारावर ठेवायची? तो पुस्तकातूनच यायचा आहे. घरची भाषा बदलून तो हाती लागत नाही. हाती जे होतं ते मात्र जातं. आई किंवा बाबा ज्या भाषेत खोल बोलू शकतात, वाद घालू शकतात, ‘त्या माणसाने असं का केलं असेल?’ हे पाच अंगांनी उलगडू शकतात, ती भाषा घरातून निघून जाते, आणि उरतं ‘फिनिश युअर होमवर्क’ एवढंच इंग्रजी.

जिम कमिन्स हे कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ १९७९ पासून हे मांडत आले आहेत की दोन भाषांतल्या अभ्यासी क्षमता एकमेकींशी जोडलेल्या असतात. एका भाषेत कारणमीमांसा, सार काढणं, तुलना करणं जमलं की दुसऱ्या भाषेत ते नव्याने शिकावं लागत नाही, तिथे फक्त त्या भाषेची साधनं लागतात. ही मांडणी वादातीत आहे असं मी म्हणणार नाही. लिपी वेगळी, वाक्याची ठेवण वेगळी, तेव्हा सगळं आपोआप पलीकडे जात नाही. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या मराठीची सवय असलेल्या मुलाला लांबलचक इंग्रजी वाक्यातला कर्ता आणि क्रियापद शोधण्याचा सराव वेगळा द्यावा लागतो. पण अनुमान काढण्याची सवय मात्र पलीकडे जाते. इंग्रजी उतारा वाचून झाल्यावर त्यावर मराठीत पंधरा मिनिटं बोललेल्या मुलाचं उत्तर ठाम असतं, कारण त्याने कारण द्यायची सवय केलेली असते. आणि तो उतारा मराठीत सांगताना मूल कुठे अडखळतं ते ऐकलं की काय समजलं नाही हे तिथल्या तिथे कळतं. इंग्रजीतच विचारलं तर मूल उताऱ्यातलंच वाक्य परत म्हणून दाखवतं, आणि समजलं की नाही ते झाकलं जातं. निदानासाठी याहून सोपं साधन मला माहीत नाही.

‘आमचं मूल खूप वाचतं, तरी वाचनात गुण नाहीत’ ही तक्रारही गंभीर आहे, कारण ती वर मांडलेल्या मताविरुद्ध जाते. असं मूल बहुधा एकाच मालिकेची दहा-बारा पुस्तकं वाचतं. तेच लेखक, तेच जग, तोच वेग. कथानक पुढे ढकलण्यासाठी वाचणं आणि वाक्य का आलं हे पाहत वाचणं यांत फरक आहे. म्हणून वाचनात मिश्रण लागतं, आणि दर आठवड्याला थोडा मजकूर फार हळू वाचावा लागतो. न्यू साउथ वेल्सचं शिक्षण खातं १९१६ पासून ‘द स्कूल मॅगझिन’ नावाचं मासिक काढतं. त्यातले ‘ऑर्बिट’ आणि ‘टचडाउन’ हे अंक पाचवी-सहावीच्या मुलांसाठी असतात. कथा, कविता, लेख, नाटुकलं असं सगळं त्यात लहान आकारात मिळतं. एखाद्या सराव-पुस्तकापेक्षा हा अंक मला कितीतरी मोलाचा वाटतो. त्यातली एक कविता घेऊन, मुलाला आधी मोठ्याने वाचायला लावून, मग कोण बोलतंय, कुणाशी, आणि कोणत्या ओळीवर सूर बदलतो एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. कविता म्हटलं की आपली मुलं घाबरतात, कारण त्यांना ‘अर्थ’ विचारला जातो. सूर विचारला की ती बोलू लागतात.

काढून घेतलेली वाक्यं बसवण्याचा प्रश्न हा तर हळू वाचनाचाच प्रश्न आहे. तिथे अवघड शब्दांनी मुलं अडत नाहीत. ‘दिस’, ‘दे’, ‘सच’, ‘हाउएव्हर’, ‘इन्स्टेड’ अशा लहान, सर्वांना माहीत असलेल्या शब्दांनी अडतात. हे शब्द मागच्या वाक्यातल्या कशाकडे बोट दाखवतात ते पाहावं लागतं. यांतला एकही शब्द कुठल्या यादीत नसतो. सराव असा करता येतो: एखाद्या लेखातला परिच्छेद घ्या, त्यातलं एक वाक्य झाका, आणि तिथे काय असायला हवं हे मुलाला पर्याय न देता स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. मग मूळ वाक्य उघडा. दोन्हींत फरक का पडला यावर बोला. पर्यायी प्रश्नांतही हीच शिस्त चालते. आधी पर्याय झाकून स्वतःचं उत्तर, मग पर्यायांशी ताडून पाहणं, आणि चुकीचे तीन का चुकले याचा पुरावा उताऱ्यातून दाखवणं. दिवसाला वीस प्रश्न सोडवण्यापेक्षा असे चार प्रश्न जास्त शिकवतात.

भारतातून नुकतीच, पाचवीत असताना आलेली मुलं ही वेगळी बाब आहे. तिथे वेळ थोडा आणि अनोळखी शब्द जास्त, तेव्हा शब्दांचं स्वतंत्र काम टाळता येत नाही. पण ते शब्द मुलाच्या वाचनातूनच निघावेत. इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शब्दांचे तीन थर मांडले: रोजच्या बोलण्यातले, एकेका विषयातले पारिभाषिक, आणि मधले. हे मधले शब्द बोलण्यात फारसे नसतात, पण कथा, बातमी, इतिहास सगळीकडे पुन्हा पुन्हा भेटतात. मेहनत या मधल्या थरावर घ्यावी. आठवड्याला आठ-दहा शब्द पुरतात. वहीत अर्थापेक्षा ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य उतरवावं, खाली मुलाने आपल्या आयुष्यातलं एक वाक्य करावं. मग दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने वही बंद ठेवून आठवायला लावावं, कारण पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याने स्मरण पक्कं होतं हे मानसशास्त्राने चांगलं सिद्ध केलं आहे. अर्थ मराठीत लिहायला हरकत नाही. इतपत यादीला माझा विरोध नाही.

बाकीची मुलं कोचिंगला जातात, मॉक टेस्ट देतात, मग आपलं मागे पडेल, ही भीती मी हलकी मानत नाही. परीक्षा आता संगणकावर होते. पडद्यावर लांब मजकूर वाचायची आणि वेळ सांभाळायची सवय लागते, आणि त्यासाठी शेवटच्या दोन-तीन महिन्यांत थोड्या मॉक टेस्ट हव्यात. पण मॉक टेस्ट काय येत नाही ते सांगते, येण्यासाठी वाचावंच लागतं. वाचनाचा सल्ला हा सवड असलेल्या सुखवस्तू घरांचा सल्ला आहे, असंही कुणी म्हणेल. टॅक्सी चालवणाऱ्या, रात्रपाळीत नर्सिंग करणाऱ्या पालकांना रोज पंधरा मिनिटंही जड जातात, हे खरं आहे. पण कोचिंगची फी त्यांना त्याहून जड जाते, आणि सिडनीतली प्रत्येक कौन्सिलची लायब्ररी फुकट आहे. पालकांची सवड नसेल तिथे आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवरचं बोलणं चालतं. मुलाने वाचलेली इंग्रजी गोष्ट त्यांना मराठीत सांगायची, आणि त्यांनी ‘मग पुढे?’, ‘असं का?’ विचारायचं. त्यांना इंग्रजी येत नसेल तर उत्तमच, मुलाला सगळं नीट समजावून सांगावं लागेल.

सिडनीतल्या मराठी मंडळांना आणि रविवारच्या मराठी शाळांना म्हणून एक विनंती आहे. चौथी ते सहावीची मुलं याच परीक्षेपायी तुमच्याकडून गळतात. त्यांच्यासाठी आठवड्याला एक तास असा ठेवा, ज्यात एक इंग्रजी मजकूर वाचला जाईल आणि त्यावर मराठीत चर्चा होईल. कधी ‘द स्कूल मॅगझिन’मधली गोष्ट, तर कधी त्याच विषयावरचं बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकातलं काही, ज्याचे १९७१ पासूनचे जुने अंक आता फुकट वाचता येतात. पालकांना स्पष्ट सांगा की हा तास सिलेक्टिव्हच्या तयारीचाच आहे. आणि पालकांनो, पुढच्या सत्रात यादीच्या चाचणीचा तो रविवारचा तास या वर्गाला देऊन बघा.